त्या घोड्याचे पुढे काय झाले?

पाणंद :
गेल्या जूनमध्ये, पहिल्या पावसानंतर चारच दिवसांनी, कुडाळ तालुक्यातल्या आमच्या बागेत वडिलांना फुरसे चावले. काजूची मोडून पडलेली फांदी उचलायला ते वाकले होते आणि पाचोळ्यात बसलेले ते वीतभर जनावर त्यांना दिसले नाही. त्यांचे वय ७१ आहे. रुग्णालयात पोहोचेपर्यंत हात कोपरापर्यंत सुजला होता आणि हिरड्यांतून रक्त येऊ लागले होते. डॉक्टरांनी सर्पदंशाच्या लसीच्या दहा कुप्या दिल्या, सहा तासांनी रक्त पुन्हा तपासले, ते अजूनही गोठत नव्हते म्हणून आणखी दहा दिल्या. पाचव्या दिवशी वडील घरी आले.

रुग्णालयातून निघताना माझ्या भाच्याने एक रिकामी कुपी खिशात घातली होती. घरी आल्यावर त्याने तिच्यावरची बारीक अक्षरे मोठ्याने वाचली, तेव्हा ते औषध घोड्याच्या रक्तद्रवापासून तयार होते हे घरात सगळ्यांना प्रथमच कळले. वडील बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी विचारले, "मगे त्या घोड्याचां काय झालां?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याकडे नव्हते. नंतर मी थोडे वाचले आणि अधिकच गोंधळलो. आजवर मी स्वतःला प्राण्यांवरील प्रयोगांचा विरोधक समजत आलो आहे, महाविद्यालयात असताना त्यासाठी सह्याही गोळा केल्या आहेत, आणि तरीही त्या रात्री कोणी मला विचारले असते तर विसाव्या कुपीसाठी मी कोणताही घोडा देऊन टाकला असता. माणसाच्या जिवासाठी प्राण्याला विष टोचणे नैतिकदृष्ट्या समर्थनीय आहे का, आणि असेल तर त्याच्या बदल्यात आपण त्या प्राण्याचे काही देणे लागतो का, यावर जाणकारांनी आणि विरोधकांनीही लिहावे. मांसाहाराचा वाद कृपया येथे आणू नये, त्यासाठी या संस्थळावर पुरेसे धागे आहेत.

वैद्यबुवा :
आपले वडील सुखरूप आहेत हे वाचून बरे वाटले. रायगड जिल्ह्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्रात मी अकरा वर्षे काढली आहेत, त्यामुळे काजूची फांदी आणि पाचोळा हे चित्र मला फार ओळखीचे आहे.

आधी एक दुरुस्ती करतो. आपण सगळेच त्याला लस म्हणतो, परंतु ती लस नव्हे. लस शरीराला स्वतःची प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूला किंवा विषाला रोखणारी प्रथिने, तयार करायला शिकवते, तर प्रतिविषात दुसऱ्याच्या शरीराने तयार केलेली प्रतिपिंडे आयती दिलेली असतात. येथे तो दुसरा म्हणजे घोडा. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे विष अत्यंत अल्प मात्रेत त्याला टोचतात आणि काही महिन्यांत मात्रा हळूहळू वाढवत नेतात. रक्तात पुरेशी प्रतिपिंडे तयार झाली की मानेच्या शिरेतून रक्त काढतात, रक्तद्रव वेगळा करतात आणि चांगल्या ठिकाणी लाल पेशी घोड्याला परत चढवतात. त्या रक्तद्रवावर पेप्सिनची प्रक्रिया करून प्रतिपिंडांचा कामाचा भाग तेवढा ठेवला जातो. शेवटी त्याची पूड करून कुपीत भरतात.

म्हणजे या कामासाठी घोड्याला मारत नाहीत, तो वर्षानुवर्षे रक्त देत राहतो. आता त्याला होणाऱ्या त्रासाविषयी लिहितो, कारण तो लपवणे बरे नव्हे. विषाबरोबर प्रतिकारशक्ती चेतवणारे जे द्रव्य टोचतात, त्यामुळे टोचल्या जागी गळवे होऊ शकतात. रक्त वारंवार काढले गेले तर पंडुरोग होतो. किती रक्त किती दिवसांनी काढावे याचे नियम आहेत. ते पाळले तर घोडा बराच काळ धडधाकट राहतो आणि न पाळल्यास खंगत जातो.

पाणंद, आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर सरळ आहे. भारतात सर्पदंशाने वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे मरतात असा अभ्यासकांचा अंदाज आहे आणि त्यांत बहुतेक शेतात राबणारी माणसे असतात. ज्याने काचेच्या कोरड्या नळीतले रक्त वीस मिनिटे गोठण्याची वाट पाहिली आहे, त्याला या प्रश्नाचा दुसरा पर्याय सुचत नाही.

काळाघोडा :
या धाग्यावर काही लिहिण्यापूर्वी मी माझे हितसंबंध जाहीर करणे आवश्यक आहे असे माझ्या आयडीकडे पाहून वाटते.

अनुकंपा :
वैद्यबुवा, आपल्या अनुभवाविषयी आदर ठेवूनच लिहिते, की "दुसरा पर्याय सुचत नाही" हे आपल्या अवस्थेचे वर्णन झाले, त्यात समर्थन कोठेच नाही. बुडणारा माणूस शेजाऱ्याच्या खांद्यावर पाय देऊन वर येतो, तेव्हा त्याला आपण दोष देत नाही, पण म्हणून शेजाऱ्याचा खांदा हा त्यासाठीच असतो असे कोणी म्हणत नाही.

माझा आक्षेप मूळ गृहीतकावर आहे. घोड्याला वेदना होते, भीती वाटते, रक्त काढणारा माणूस आणि त्याची खोली ओळखू येते, आणि या सगळ्याला त्याने कधीही संमती दिलेली नसते. आपण रक्तदान करतो तेव्हा त्या शब्दात दान आहे. घोड्याच्या बाबतीत "तो रक्त देत राहतो" असे लिहिणे म्हणजे घेणाऱ्याने देणाऱ्याच्या नावाने क्रियापद वापरणे होय.

आपल्या १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याची रचनाही पाहण्यासारखी आहे. बैलगाडीवर जास्त ओझे लादणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरतो, पण कलम १४ नुसार नव्या ज्ञानासाठी किंवा जीव वाचवण्यासाठी केलेले प्रयोग बेकायदेशीर ठरत नाहीत. पुढच्या कलमांत देखरेखीसाठी समिती नेमण्याची तरतूद आहे आणि कलम १७ म्हणते की लहान प्राण्यांवर भागत असेल तर मोठे प्राणी टाळावेत. ससा, गिनीपिग, बेडूक आणि उंदीर यांची नावेच त्या कलमात दिली आहेत. लहान असणे हा जणू त्यांचा अपराध आहे.

पांढराउंदीर :
अनुकंपाताईंच्या शेवटच्या वाक्यामुळे मला लिहावेच लागत आहे, कारण या धाग्यावर आतापर्यंत घोड्याचीच चर्चा झाली आणि माझ्या जमातीला कोणी विचारलेले नाही.

मी पुण्यात एका प्रयोगशाळेत उंदरांवर काम करते. प्रतिविषाच्या प्रत्येक घाण्याची ताकद तपासावी लागते. भारतीय औषधसंहितेनुसार एक मिलिलिटर प्रतिविषाने नागाचे ०.६ मिलिग्रॅम, घोणसाचे ०.६, मण्यारीचे ०.४५ आणि फुरशाचे ०.४५ मिलिग्रॅम विष निष्प्रभ केले पाहिजे. ते झाले की नाही हे ठरवण्यासाठी प्रतिविष आणि मारक मात्रेच्या काही पट विष एकत्र करून ते मिश्रण अर्धा तास शरीराच्या तापमानाला ठेवतात आणि मग अठरा-वीस ग्रॅम वजनाच्या उंदरांच्या शेपटीतल्या शिरेत टोचतात. वेगवेगळ्या मात्रांचे वेगवेगळे गट असतात. नंतर किती जगले आणि किती मेले हे मोजतात. कमी मात्रेच्या गटातले उंदीर मरणार हे आधीपासून ठाऊक असते, कारण ते मेल्याशिवाय आकडाच निघत नाही. शिवाय चार सापांसाठी ही चाचणी चार वेळा करावी लागते.

पाणंद, आपल्या वडिलांच्या वीस कुप्यांमागे एखादा घोडा असेल आणि तो कदाचित आजही जिवंत असेल. त्या घाण्यामागचे उंदीर मात्र नक्कीच मेलेले आहेत, आणि त्यांतल्या काहींना मरायला बराच वेळ लागला असेल.

हे काम मी स्वतः दोन वर्षे केले आणि मग दुसऱ्या विभागात बदली मागून घेतली. मी प्रयोगांच्या विरोधात नाही. माझा आक्षेप प्रयोग झाकण्याला आहे. घरी मी काय करते असे विचारले तर आई "औषधांच्या कंपनीत आहे" असे सांगते, आणि तिचे चुकते असेही मला म्हणवत नाही.

रसेल आणि बर्च या दोन ब्रिटिश संशोधकांनी १९५९ मध्ये तीन कसोट्या मांडल्या होत्या. पर्याय असेल तर प्राणी वापरू नये, वापरावाच लागला तर कमीत कमी वापरावा, आणि जो वापरला जाईल त्याच्या यातना कमी कराव्यात. आमच्याकडे त्या भिंतीवर चौकटीत लावलेल्या आहेत. तिसऱ्या कसोटीसाठी विष टोचण्यापूर्वी वेदनाशामक द्यावे आणि उंदीर तडफडून मरण्याची वाट न पाहता ठरावीक लक्षणे दिसताच त्याला वेदनेविना मारावे असा आग्रह आता धरला जातो. चौकटीतून हे पिंजऱ्यापर्यंत किती पोहोचते, ते त्या दिवशी कामावर कोण आहे यावर अवलंबून असते.

काळाघोडा :
मी माझे हितसंबंध मागे घेतो आणि वरील प्रतिसाद पुन्हा एकदा वाचतो.

परळकर :
माझे बालपण हाफकिन संस्थेच्या भिंतीला लागून असलेल्या चाळीत गेले, त्यामुळे थोडा इतिहास सांगण्याचा मोह आवरत नाही.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला तेव्हा वॉल्डेमार हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या खोलीत लस तयार केली. आधी ती सशांवर तपासली आणि १० जानेवारी १८९७ रोजी स्वतःला टोचून घेतली. येथपर्यंतची गोष्ट सर्वांना आवडते. त्यानंतरची चाचणी भायखळ्याच्या तुरुंगात झाली आणि तयार झालेल्या कैद्यांना ती लस टोचण्यात आली. गुलाम देशातल्या तुरुंगातल्या कैद्याच्या "तयार होण्याला" किती अर्थ होता, हे अनुकंपाताईंनीच सांगावे. पुढे परळच्या संशोधकांनी प्लेग झालेल्या घरांत गिनीपिग सोडले आणि त्यांच्या अंगावर जमलेल्या पिसवा मोजून हा रोग पिसवांमधून पसरतो हे दाखवून दिले. ज्या घरांतून माणसे पळाली, त्या घरांत गिनीपिग बसून राहिले.

तपासणी नीट न झाल्यास काय होते याचीही दोन उदाहरणे आहेत. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी प्लेगच्या लसीची एक बाटली दूषित निघाली आणि १९ माणसे धनुर्वाताने दगावली. त्याआधी वर्षभर, १९०१ मध्ये, अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात घटसर्पावरचा रक्तद्रव ज्या घोड्यापासून घेत, तो जिम नावाचा घोडा पूर्वी दुधाची गाडी ओढत असे. त्याला धनुर्वात झाला, त्याला मारण्यात आले, परंतु त्याचा रक्तद्रव बाजारात गेला आणि १३ मुले दगावली. अशा औषधांवर सरकारी नियंत्रण आणणारा अमेरिकेचा पहिला कायदा १९०२ मध्ये आला, त्यामागे हा घोडा आहे. पाणंद यांच्या वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर ज्याच्या बाबतीत इतिहासाला नावासकट माहीत आहे, असा घोडा माझ्या तरी वाचनात हा एकच आला.

सांगायचे एवढेच, की प्राण्यांवर चाचणी केली नाही म्हणून चाचणी टळत नाही. ती गरिबांवर, कैद्यांवर आणि मुलांवर होते, आणि तिला चाचणी म्हणत नाहीत इतकेच.

अनुकंपा :
परळकर, आपण माझ्यासमोर कैदी आणि ससा असे दोघेच उभे केले आहेत. मी तिसरा पर्याय पुढे करते, आणि तो आपल्या सर्वांच्या आठवणीतला आहे.

कुत्रा चावल्यावर बेंबीभोवती घ्यावी लागणारी चौदा इंजेक्शने आठवतात का? ती लस मेंढीच्या मेंदूत रेबीजचा विषाणू वाढवून तयार करत. म्हणजे निरोगी मेंढीला मुद्दाम रेबीज देऊन, ती लुळी पडली की तिचा मेंदू काढत. आणि ती लस चांगली होती असेही नाही, कारण मेंदूच्या ऊतींमुळे काही रुग्णांना अर्धांगवायू होत असे. पेशींवर वाढवलेली अधिक सुरक्षित लस जगात केव्हाच आली होती, तरीही आपल्याकडे मेंढ्यांच्या मेंदूची लस २००४ पर्यंत चालू राहिली, कारण ती स्वस्त होती. तेव्हाही कोणीतरी हेच म्हणत असणार, की दुसरा पर्याय सुचत नाही.

सौंदर्यप्रसाधनांची प्राण्यांवरील चाचणी आपण २०१४ मध्ये बंद केली. प्राणिशास्त्राच्या वर्गातून बेडूक गेला. कोणाचेही काही अडले नाही. पर्याय नाही असे म्हणणाऱ्याने तो शोधण्यासाठी किती पैसे खर्च केले, हे आधी सांगावे.

मधुमालती :
चौदापैकी अकरा मी घेतली आहेत. बाराव्या दिवशी कुत्रा ठणठणीत फिरताना दिसला म्हणून आजोबांनी थांबवले. मेंढीचे आज कळले आणि पोटात पुन्हा एकदा दुखले.

पांढराउंदीर :
मेंढीबाबत अनुकंपाताईंचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे आणि मी ते माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगते. फक्त एक भर घालते. सध्याची रेबीजची लस बहुधा ज्या व्हेरो पेशींवर वाढवतात, त्या पेशी १९६२ मध्ये जपानमध्ये एका आफ्रिकन हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातून घेतल्या होत्या. त्या माकडाचा वंश पेशींच्या रूपाने अजून जगभरच्या प्रयोगशाळांत वाढतो आहे. अगणित मेंढ्यांच्या बदल्यात एक माकड, असा तो हिशेब आहे. हा हिशेब नैतिक आहे की नाही हे मला ठरवता आलेले नाही, परंतु मेंढ्यांना विचारले असते तर त्यांनी काय सांगितले असते याविषयी माझ्या मनात शंका नाही.

काळाघोडा :
माकडाला विचारायचे राहून गेले.

न्यूजर्सीकर :
माकडावरून मोरारजी देसाई आठवले. पोलिओच्या लसीच्या काळात भारतातून लाल तोंडाची माकडे मोठ्या संख्येने अमेरिकेला जात. ती फक्त वैद्यकीय कामासाठी वापरायची असा करार असताना लष्करी किरणोत्साराच्या प्रयोगांतही वापरली गेल्याचे उघड झाले आणि मोरारजींच्या सरकारने १९७८ पासून निर्यात बंद केली. मला त्या निर्णयाचे कौतुक आहे. पण २०२० मध्ये कोव्हॅक्सिनची चाचणी आपल्याच पुण्याच्या विषाणू संस्थेत वीस माकडांवर झाली. त्यांत पाच-पाचांचे चार गट होते, एका गटाला लस दिलीच नव्हती, आणि नंतर सर्वांना विषाणूची बाधा करण्यात आली. त्या वर्षी सह्यांची मोहीम काढल्याचे माझ्या तरी ऐकिवात नाही.

येथे अमेरिकेत २०२२ च्या डिसेंबरमध्ये कायदा बदलला आणि नव्या औषधासाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती उठली. भारतातही २०२३ मध्ये नियमांत तसा बदल झाला आहे. सक्ती उठली याचा अर्थ चाचण्या थांबल्या असा मात्र नाही.

बाकावरचा :
मी शास्त्रज्ञ नाही. निवृत्त शिक्षक आहे आणि एका संस्थेच्या प्राणी नीतिविषयक समितीवर "समाजाचे भान असलेला बिगरशास्त्रज्ञ सदस्य" म्हणून सहा वर्षे बसलो. असे एक पद नियमांतच आहे, हे नेमणुकीचे पत्र येईपर्यंत मलाही माहीत नव्हते.

१९९८ च्या नियमांनुसार प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या प्रत्येक संस्थेला अशी समिती ठेवावी लागते. तिच्यावर शास्त्रज्ञ असतात, पशुवैद्य असतो, केंद्रीय समितीचा प्रतिनिधी असतो आणि कोपऱ्यात माझ्यासारखा एक असतो. प्रस्तावात किती प्राणी, कोणते, कशासाठी आणि शेवटी त्यांचे काय करणार, हे लिहावे लागते. पहिल्या वर्षी मी गप्प बसलो, कारण मला निम्मे शब्द कळत नव्हते. दुसऱ्या वर्षी मी एकच प्रश्न शिकलो, "हे अठ्ठेचाळीसच का?" पहिल्यांदा विचारला तेव्हा खोलीत शांतता पसरली. नंतर लक्षात आले, की संशोधकाने तो आकडा आधीच्या कोणाच्या तरी प्रबंधातून उचलला होता आणि आधीच्याने त्याच्या आधीच्याच्या. संख्याशास्त्राच्या प्राध्यापकांना बोलावून गणित मांडले तेव्हा तीस उंदरांत भागत होते. अठरा उंदीर वाचले. माझ्या सहा वर्षांतली ठोस कामगिरी म्हणाल तर ही आणि अशाच आणखी तीन-चार.

उलटही घडले. एका प्रस्तावात प्राण्यांची संख्या इतकी कमी होती, की निष्कर्षच निघाला नसता. मी ती कमी संख्या पाहून खूष झालो होतो. पशुवैद्य मॅडम म्हणाल्या, "सर, यातले सगळेच फुकट मरतील." त्या दिवसापासून कमी म्हणजे चांगले हे माझे गणित सुटले.

अनुकंपाताई, आपल्यासारखे विरोधक या समित्यांवर यायला हवेत. आपण म्हणाल, की तेथे बसणे म्हणजेच मान्यता देणे. मलाही तसे वाटे, आणि काही सह्या मी आजही विसरलो नाही.

अनुकंपा :
बाकावरचा, मी तसेच म्हणणार होते. आता म्हणत नाही, परंतु येणारही नाही.

चिरगाव :
थोडे विषयांतर वाटेल, पण ते विषयाचेच आहे. म्हसळा तालुक्यात आम्ही गिधाडांचे काम करतो, म्हणून लिहितो.

नव्वदच्या दशकात पांढऱ्या पाठीची गिधाडे भराभर मरू लागली आणि काही वर्षांतच शंभरातले एकसुद्धा उरले नाही. गुरांना वेदनाशामक म्हणून दिलेले डायक्लोफिनॅक मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडाच्या पोटात जाऊन त्याचे मूत्रपिंड निकामी करत होते. हे २००४ मध्ये सिद्ध झाले ते कसे? पिंजऱ्यातल्या काही गिधाडांना ते औषध देऊन, आणि ती मेली तेव्हा. बंदीसाठी पर्यायी औषध हवे होते. मेलोक्सिकॅम सुरक्षित आहे हेसुद्धा गिधाडांनाच देऊन तपासले गेले, आधी आफ्रिकेतल्या आणि मग आपल्याकडच्या. २००६ मध्ये जनावरांसाठीचे डायक्लोफिनॅक बंद झाले. अलीकडे, २०२३ मध्ये, आणखी दोन औषधांवर अशीच बंदी आली.

आकाशात आज जी थोडी गिधाडे दिसतात, ती पिंजऱ्यातल्या त्या गिधाडांमुळे. येथे उपभोक्ता माणूस नव्हता. तरीही संमतीचा प्रश्न उरतोच, हे मी मान्य करतो. मात्र संमती हीच एकमेव कसोटी मानली तर गिधाड वाचवण्याचा मार्गही बंद होतो, याचा अनुकंपाताईंनी विचार करावा.

अनुकंपा :
विचार करते आहे. हे उदाहरण मला अडचणीचे आहे आणि त्यावर घाईने काही लिहिणार नाही.

कातळसडा :
मी देवगडजवळ राहतो आणि गेली पंधरा वर्षे घरांत शिरलेले साप पकडून रानात सोडतो. नीतीचे मोठे प्रश्न वर चांगले मांडले गेले आहेत. मी कुप्यांच्या हिशेबाविषयी लिहितो, कारण घोडा शेवटी कुपीतच आहे.

आपल्याकडच्या प्रतिविषासाठी लागणारे विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुला जमातीच्या सहकारी संस्थेकडून येते. संस्था १९७८ पासून आहे आणि तिचे काम उत्तम आहे, साप ठरावीक वेळा विष काढून पुन्हा सोडून दिले जातात. परंतु एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते. तिकडच्या सापाच्या विषावर तयार झालेले प्रतिविष दुसऱ्या टोकाच्या सापावर तितके चालेलच असे नाही. मग कुप्या जास्त लागतात. जास्त कुप्या म्हणजे जास्त रक्त आणि जास्त उंदीर. प्रादेशिक प्रतिविष तयार झाले तर रुग्णही लवकर सुधारेल आणि घोड्यावरचा भारही उतरेल. येथे प्राण्याचे हित आणि रुग्णाचे हित एकाच बाजूला आहे, तरी काम रेंगाळते, कारण सर्पदंश हा गरिबाचा आजार आहे. जागतिक आरोग्य संघटनेला त्याला दुर्लक्षित आजारांच्या यादीत घालायलासुद्धा २०१७ उजाडावे लागले.

दुसरा हिशेब वाया जाणाऱ्या कुप्यांचा. बिनविषारी साप चावलेल्यालाही नातेवाइकांच्या दबावामुळे प्रतिविष दिलेले मी पाहिले आहे. धामण चावलेल्या माणसासाठी "लस द्याच" म्हणून दवाखान्यात आरडाओरडा करणाऱ्यांना मी हात जोडून समजावले आहे. चापडा विषारी आहे, पण तो चावला तर चार सापांसाठीचे हे प्रतिविष उपयोगाचेच नाही, तरी ते मागितले जाते.

आणि तिसरा हिशेब सर्वांत स्वस्त आहे. रात्री बॅटरी, जमिनीवर न झोपणे, पाचोळ्यात हात घालण्यापूर्वी काठी आणि पायात गमबूट. जो दंश झालाच नाही, त्याला घोडा लागत नाही.

वैद्यबुवा :
कातळसडा यांच्या दुसऱ्या मुद्द्याला माझे पूर्ण अनुमोदन आहे. त्यात माझ्यासारख्यांचाही दोष आहे. जमाव दारात उभा असताना, लक्षणे नसलेल्या रुग्णाला मीसुद्धा दोनदा प्रतिविष दिले आहे. घोड्याच्या प्रथिनांमुळे रुग्णाला तीव्र प्रतिक्रिया येऊ शकते, त्यामुळे अ‍ॅड्रिनॅलिन हाताशी ठेवून द्यावे लागणारे हे औषध जमाव शांत करण्यासाठी वापरणे दोघांच्याही दृष्टीने चुकीचे होते. "दोघांच्याही" हा शब्द मी या धाग्यापूर्वी लिहिला नसता.

मधुमालती :
घोड्याशिवाय प्रतिविष तयार होण्याची काही शक्यता आहे का? कोणी सांगितले नाही.

पांढराउंदीर :
आहे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतले आणि अमेरिकेतले संशोधक यांनी मिळून प्रयोगशाळेत घडवलेले एक मानवी प्रतिपिंड २०२४ मध्ये जाहीर केले. नाग आणि मण्यार यांच्या विषातल्या एका महत्त्वाच्या घटकगटाला ते रोखते. २०२५ च्या सुरुवातीला संगणकावर रचलेल्या प्रथिनांचेही असेच काम प्रसिद्ध झाले. दोन्ही गोष्टींना घोडा लागत नाही. फुरसे आणि घोणस यांच्या विषात घटक फार वेगवेगळे असतात, त्यामुळे तो मार्ग लांबचा आहे.

या दोन्ही शोधांचा पुरावा कोणी दिला, हे विचारलेत तर उंदरांनीच.

पाणंद :
इतके सविस्तर प्रतिसाद येतील असे वाटले नव्हते. सर्वांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, कारण चार रात्री मी हा धागा वडिलांना वाचून दाखवत होतो. माझा गोंधळ कमी झालेला नाही. अनुकंपाताईंच्या "घेणाऱ्याने देणाऱ्याच्या नावाने वापरलेल्या क्रियापदा"वर मी अजून अडकून आहे आणि विसाव्या कुपीबद्दलचे माझे मतही बदललेले नाही.

वडिलांनी जिमची गोष्ट दोनदा वाचायला लावली. उंदरांच्या भागाला ते उठून अंगणात गेले आणि परत आल्यावर म्हणाले की उरलेले वाच. मोठ्या प्राण्यांचे काम संपल्यावर त्यांना सांभाळण्याचा खर्च वापरणाऱ्या संस्थेनेच करायचा, अशी आपल्याकडच्या मार्गदर्शक तत्त्वांत तरतूद असल्याचे मी मधल्या काळात शोधून काढले होते. ते सांगितल्यावर त्यांनी विचारले, "आणि करतत?" याचे उत्तर मला एखाद्या तबेल्यात जाऊनच मिळेल. माहितीच्या अधिकाराखाली एका सरकारी उत्पादकाकडे मी अर्ज टाकला आहे. निवृत्त घोडे किती, ते कोठे ठेवले आहेत आणि त्यांच्यावर वर्षाचा खर्च किती होतो, असे तीन प्रश्न त्यात विचारले आहेत. उत्तर आले की येथे देईन.

कातळसडा, गमबुटांसाठी गेली दहा वर्षे आम्ही त्यांच्या मागे लागलो होतो आणि पाय घामेजतात म्हणून ते ऐकत नव्हते. काल कुडाळच्या बाजारातून स्वतःच एक जोड घेऊन आले. एक माप मोठा आहे. दुकानदार बदलून देईना म्हणून आत जुना सदरा कोंबून, दुकानदाराच्या नावाने बोटे मोडत, आज सकाळी बागेत गेले आहेत.

काळाघोडा :
अर्जाच्या उत्तराची वाट पाहत आहे. या वेळी हितसंबंध खरेच आहेत, कारण माझे सासर देवगडचे आहे.

कातळसडा :
सदरा कोंबण्याआधी बूट उलटा करून झटकायला सांगा. रात्री बाहेर ठेवलेल्या बुटात विंचू बसतो.